लालीची शिंगं काढायला गेलो, त्याची हकीकत

मी दारूच्या मळ्यावर राहून आलो ही गोष्ट मी एसटीतून उतरायच्या आधीच आमच्या गल्लीत पोचली होती. आता ज्यानं त्यानं आपल्या मनानं हकीकत रचण्यापेक्षा खरं काय ते मीच लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वडवणीत चाळीस वर्षं मीठमिरची विकली, पुड्या बांधून बांधून बोटं वाकडी झाली, तसंच अक्षरही वाकडं. वाचायचं तर वाचा.

जायचं कारण आधी सांगतो, नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

माझी बायको गिरजा माघात गेली. तिची एक गाय होती, लाली. घरात माझ्यापेक्षा लालीचं जास्त चालायचं. ती गाय म्हातारी होऊन त्याआधीच्या पोळ्याच्या आसपास मेली. मी खड्डा खणायला माणसं बोलावली, तर गिरजा म्हणाली, "थांबा. आधी तिची शिंगं काढून द्या मला." मी म्हटलं, डोकं फिरलं का हिचं? तर तिची धाकटी बहीण सुमन पाटोद्याच्या माळावर द्राक्षं लावून बसली आहे. ती आणि तिचा नवरा शिवप्पा त्याची वाईन करतात. त्यांच्या शेतीची तऱ्हा अशी की, व्यालेल्या गाईच्या शिंगात शेण भरायचं, घटस्थापनेच्या सुमाराला जमिनीत पुरायचं आणि पाडव्याला काढायचं. गिरजानं तिला शब्द दिला होता.

मी लई बोललो. "जन्मभर तिचं दूध खाल्लं आन आता तिची शिंगं दारूच्या मळ्यात घालती?" तिनं शिंगं फडक्यात गुंडाळली आणि नवरात्रात एकटी एसटीनं गेली. स्वतःच्या हातानं पुरून आली. आल्यावर म्हणाली, "पाडव्याला काढाया मीच जाणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको म्हणून सुमीला सांगून आले."

पाडव्याच्या आधी तीच गेली.

आम्हा लिंगायतांत माणूस जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग. तिला तशी ठेवली. तिसऱ्या दिवसापर्यंत गेलो, त्यानंतर मी त्या वाटेला फिरकलो नाही. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. दगड नाही. मातीत घातलेल्याचं काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून पाय उचलत नव्हता. पण तिनं हातानं केलेलं शेवटचं काम म्हणजे ती शिंगं. ती मला घरी आणायची होती. एवढ्यासाठी मी निघालो.

कपिलधार

बीडहून मांजरसुंब्याला उतरलो आणि आधी कपिलधारला गेलो. दर साली आम्ही दोघं दर्शनाला जायचो. चैत्र तोंडावर आलेला, धबधब्याची धार कसली, धोतराच्या काठाएवढं पाणी. खाली चार बाया हंडे लावून बसल्या होत्या. पायऱ्या उतरताना गिरजा कायम माझ्या पुढं असायची आणि मागं बघून म्हणायची, "पडाल बरं का." या वेळी कुणी म्हणालं नाही आणि मी पडलो. चपलेचा अंगठा तुटला, ढोपर सोलटलं. एका दुकानवाल्यानं अंगठा सुतळीनं बांधून दिला आणि विचारलं, "बाबा, एकलेच आलात?" मी म्हटलं, "दिसतंय न्हवं?"  बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

पाटोदा आणि वरचा माळ

पाटोद्याला बाजार होता. एसटीडीच्या पिवळ्या खोलीपुढं रांग, वर थंड बाटल्यांची ही एवढी लाल पाटी आणि त्या पाटीच्या सावलीत मातीचे माठ विकणारा. मी माठातलं पाणी प्यालो. जीपवाल्याला पत्ता सांगितला तर तो हसून म्हणाला, "मास्तरणीच्या मळ्यात व्हय? लवकर सुटला आज!" मी म्हटलं, "मी पीत न्हाई." तो म्हणाला, "समदे जाताना असंच म्हंत्यात." सुमन काही मास्तरीण नाही. ती मजुरांना तारखा पाठ करायला लावते म्हणून तिला ते नाव पडलं आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. शिवप्पा म्हणाला, लोक उगाच बघायला येतात आणि द्राक्षं तोडून नेतात.

माळ म्हणजे नुसता मुरूम. आमच्याकडं निदान काळी माती आहे. इथं कुसळं, हिवराची झाडं आणि मधेच हिरवा पट्टा दिसला तो यांचा मळा. शेजारच्याच्या बागेत सगळी जमीन खरडून साफ, पानं औषधानं निळी पडलेली. यांच्या ओळींत गुडघाभर गवत, त्यात दोन गाई चरतात. मी उतरल्या उतरल्या म्हटलं, "सुमे, खुरपायला माणूस मिळंना का?"

"या दाजी," ती म्हणाली. "आल्याबरोबर सुरू. मला वाटलं आक्का गेल्यावर नरमला असाल." आणि मग पदर तोंडाला लावून रडली. आवाज, बसणं, पदर धरायची तऱ्हा, सगळं थोरलीसारखं. मी गाईंकडं बघत उभा राहिलो.

जेवायला जवारीची भाकरी, येसराची आमटी आणि कच्ची करडईची भाजी. आमटी गिरजासारखीच होती, फक्त मीठ कमी. मी तसं सांगितलं. सुमन म्हणाली, "मिठाच्या दुकानदाराला जगात कुठंच मीठ पुरत न्हाई."

शिवप्पा माझा साडू. आम्ही एकमेकांशी कधी सरळ बोललो नाही, तीस वर्षांची सवय आहे. त्यानं मला तळघरासारख्या खोलीत नेलं. बाहेर ऊन आणि आत विहिरीत उतरल्यासारखं गार. स्टीलच्या टाक्या, आणि एका हौदात काळी द्राक्षं ठेचून टाकलेली. ही खायची द्राक्षं नाहीत. बारीक, जाड सालीची, आत बियाच बिया. खाली जाळ नाही तरी सगळा हौद खदखदत होता, सालींचा थर वर फुगून आला होता आणि शिवप्पा फळीच्या दांड्यानं तो खाली दाबत होता.

"यात काय टाकलं?" मी विचारलं.

"काय न्हाई. द्राक्षाच्या अंगावर जे असतंय त्यानंच आंबतंय."

"म्हंजे आंबीलच की."

"तुमाला तसं वाटत असंल तर तसं. तोंडात घालू नका, वास घ्या."

वास घेतला. खोटं कशाला लिहू, वाईट नव्हता. जांभळं पिशवीत विसरल्यावर येतो तसा, त्याच्या खाली ओल्या दगडाचा. मी विचारलं, "आपल्या जातीत कुणी दारू केली का रे कधी? मठातले काय म्हंत्यात?"

तो दांडा दाबत म्हणाला, "दोन वर्सं कुणी पत्रिका देईना. मग ह्याच लोकांनी पोरांना नोकरीला लावाया इचारलं. सरकारनं मोकळीक दिली, पुण्या-मुंबईच्या हाटेलात बाटल्या जात्यात. मी सवता थेंब पीत न्हाई, सुमन चाखून थुंकते. तुमी तंबाखू इकता न्हवं? खाता पण."

मी खातो. म्हणून विषय सोडला.

देव बसला

पाडव्याला तिथं गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, सकाळी खायला चुरमुऱ्यांची सुशीला. चुरमुरे आमच्याकडं जास्त भिजवतात, इथं कुरकुरीत. घरात भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. त्यात चंद्र कुठं आहे त्यावरून दिवसांना नावं: मुळाचा दिवस, पानाचा, फुलाचा, फळाचा. द्राक्ष तोडायचं फळाच्या दिवशी, शिंगं काढायची मुळाच्या. मी मनात हसणार होतो. पण आमच्याकडं अवसेला नांगर धरत नाहीत आणि मी स्वतः शनिवारी दुकानात तेलाचा नवा डबा फोडत नाही, मग कुठल्या तोंडानं हसू?

दुसरा दिवस मुळाचा होता. सकाळी त्यांच्या मोठ्या खड्ड्यातली शिंगं निघाली. चाळीसेक असतील, रांगेनं मांडली. मी एकेक उचलून बघितलं. लालीची नव्हती.

"आक्काची हितं न्हाईत," सुमन म्हणाली. "ती आली तवा खड्डा बुजवून झालता. तिनं बांधावर बेलाखाली येगळी ठेवली. पण दाजी, तिथं जरा घोटाळा झालाय."

"काय घोटाळा?"

"चला. बघाच."

बेलाच्या झाडाखाली देव बसला होता. खोटं नाही लिहीत. एक गोल दगड, त्याला शेंदूर, हळद, कुंकू, पुढं फोडलेल्या नारळाच्या करवंट्या, हिरव्या बांगड्या, उदबत्तीची राख आणि भोवती चुन्याची रेघ. दगडावर शेंदराखाली तीन बोटांच्या पांढऱ्या विभूतीच्या रेघा अजून दिसत होत्या. त्या रेघा मी ओळखल्या. आमच्या उंबऱ्यावर रोज तशाच असायच्या. मधलं बोट जरा वर चढलेलं, कारण तिचं ते बोट जात्यात सापडून वाकडं झालेलं.

झालं होतं असं. निघायच्या आदल्या संध्याकाळी गिरजानं शिंगं पुरली, खूण म्हणून दगड ठेवला, आणि रिकामा दगड कसा ठेवायचा म्हणून सवयीनं विभूती ओढली. सकाळी ती एसटीला गेल्यावर कामाच्या बाया आल्या. रातोरात उगवलेला विभूतीचा दगड बघून एकीनं हळद वाहिली. दुसरीनं कुंकू. सुमन सांगायला निघाली तर शिवप्पानंच अडवलं, "ऱ्हाऊ दे. राखण होतीया, कुणी उकरायचं न्हाई." मग या बायांची मुकादम कौसाबाई, तिची गाय वासराला पाजत नव्हती, तिनं इथं नारळ बोलला आणि गाय पाजायला लागली. तिथून ठाणं जागृत झालं. दिवाळीनंतर इथल्या वाटेनं चपला घालून जायची बंदी. गिरजा गेल्यावर तर सुमनचाच हात त्या दगडाला लागेना. आणि आता शेवटची तोड राहिलेली, दगड हलवला तर बाया दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

मी शिवप्पाकडं बघितलं. "राखण पायजे हुती न्हवं? घे."

तोवर ओळींतून बाया आल्याच. सात-आठ जणी, कंबरेला कात्र्या. पुढं कौसाबाई, उंच, हडकुळी, माझ्याच वयाची असेल. माझ्या हातातली कुदळ बघून म्हणाली, "कावून आणली ती?"

मी आयुष्यात गोड बोलायला शिकलो नाही. म्हटलं, "हितं देव-बिव काय न्हाई बाई. माझ्या गाईची शिंगं पुरलीत. ती काढायचीत."

"मग आमी काय येगळं म्हंतो?" ती म्हणाली. "आमी बी गाईचंच ठाणं म्हंतो."

मागच्या बाया हसल्या. शिवप्पाही हसला. मला राग आला. "अगं पण मेलेली गाय! साधी, दोन येळला दूध देणारी, लाथा मारणारी!"

"लाथा मारणारी गाय देव हुईना व्हय? तुमी कोण वो, आमच्या बांधावर येऊन कुदळ दाखवणारे?"

"ज्या बाईनं हा दगड ठेवला तिचा नवरा."

"आन ती कुठं हाय? तिनंच सांगावं की."

 कुदळीच्या दांड्याला एक गाठ होती, तिच्यावरून अंगठा फिरवत राहिलो. शेवटी सुमन म्हणाली, "कौसाबाई, दगड आमच्या आक्कानं ठिवला. थोरल्या. माघात गेल्या त्या."

कौसाबाई सुमनकडं बघत राहिली. "धपाटेवाल्या आक्का?"

गिरजा इथं दोन दिवस होती. त्या दोन दिवसांत बांधावर बसून तिनं या सगळ्या बायांना धपाटे खाऊ घातले होते. मला घरी येऊन सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आणि त्या बायांना ती गेलेली ठाऊक होतं, पण दगड तिचा हे ठाऊक नव्हतं.

कौसाबाई चुन्याच्या रेघेपाशी खाली बसली. सुमनला म्हणाली, "ताई, दिवाळीपासनं आमी आक्काच्या दगडाला नारळ फोडतोय, आन तुमी बोलल्या न्हाईत? आमाला खुळं समजून हसल्या असताल."

"हसले न्हाई," सुमन म्हणाली. "आधी हसले. मग कुणीतरी तिला हळद वाहतंय, ते बरं वाटाया लागलं."

 मग कौसाबाईनं पदर खोचला, करवंट्या एका बाजूला केल्या, बांगड्या काढून मागच्या पोरीच्या हातात दिल्या आणि दोन्ही हातांनी तो दगड उचलून बेलाच्या बुंध्याशी नीट ठेवला. मला म्हणाली, "कुदळ नगं. हातानं काढा. शिंगाला लागंल."

मी गुडघ्यावर बसलो. कपिलधारला सोलटलेलं ढोपर झोंबत होतं. हातभर माती काढली. बाया भोवती उभ्या, कुणी चपला घातल्या नव्हत्या. बोटाला टोक लागलं.

आधी डावं निघालं. लालीचं डावं शिंग आत वळलेलं होतं, त्यानं तिनं एकदा माझं धोतर फाडलं होतं. मग उजवं. मी मातीत बसूनच तोंड फिरवलं आणि म्हटलं, "शिवप्पा, तूच रिकामं कर. मला ते बघायचं न्हाई."

"कावून?"

"घातलं शेण. आता सा महिन्यांनी काय झालं असंल? किडे असतील. वास असंल."

त्यानं शिंग बांधाच्या दगडावर ठोकलं आणि माझ्या ओंजळीवर उलटं धरलं. आतून काळं काहीतरी पडलं. मऊ, ओलसर, भुरभुरीत. हाताला चिकटलं नाही. मी नाक लांब धरून होतो, पण वास आला नाही, म्हणून जवळ नेलं. शेणाचा वास नव्हता. झाडीत पाचोळ्याखाली हात घातल्यावर येतो तसा वास होता. मी परत घेतला. किडा नव्हता, घाण नव्हती, काही सडलेलं नव्हतं. चाळीस वर्षं मी गोठ्यातलं शेण काढलं, आणि हे त्याचंच झालं आहे हे कुणी सांगितलं असतं तर त्याला मी खोटारडा म्हटलं असतं.

  

ढवळणं

त्या मातीचं पुढं काय करतात तेही सांगतो, कारण गल्लीत सगळे तेच विचारतात. मूठभर माती उन्हात कोमट झालेल्या पाण्यात टाकायची आणि काठीनं एक तास ढवळायचं. मधोमध तळापर्यंत भोवरा पडला की मोडायचा आणि उलट्या बाजूनं फिरवायचं. परत भोवरा, परत मोड. सुमननं मला बसवलं. अर्ध्या तासानं मी काठी टेकवून तंबाखू मळायला घेतली, तर ती म्हणाली, "झालं. पहिल्यापासनं करा."

"अगं, एवढं ढवळलं की!"

"थांबायचं न्हाई म्हटलं हुतं. टाका ते पाणी गाईपुढं."

कौसाबाई म्हणाली, "लई आडदांड हाय म्हातारा. आक्कानं ह्याच्यासंगं जल्म कसा काढला आसंल?" मी म्हटलं, "मलाच पुरून ठेवलं असतं तर सुधारलो असतो." सगळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही हसलो, माघानंतर पहिल्यांदा.

दुसरा तास न थांबता पूर्ण केला. उन्हं उतरल्यावर बाया कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन ओळींतून ते पाणी शिंपडत गेल्या, मोठे मोठे थेंब, लग्नात अक्षता टाकतात तसे. त्यानं द्राक्षं गोड होतात की नाही ते शिवप्पाला विचारा. तोही सरळ सांगत नाही. म्हणतो, शेजाऱ्यापेक्षा माती मऊ झाली एवढं मला ठाऊक.

रिकामी शिंगं सुमननं धुऊन पुढं ठेवली. "घेऊन जा दाजी. तुमची हायत."

मी ती न्यायला आलो होतो. उजवं शिंग हातात घेतलं. गाय जितक्यांदा विते तितके वेढे शिंगाला बुडाशी पडतात, हे आमच्याकडं सगळे मानतात. मी अंगठा फिरवून मोजले. परत मोजले.

यावरून माझं आणि गिरजाचं कायम भांडण. मी म्हणायचो, लाली सहा वेळा व्याली. ती म्हणायची सात. पहिल्या खेपेला मी दुकानाचा माल आणायला बाहेरगावी गेलतो, तेव्हा वासरू मेलेलंच जन्मलं. तिनं एकटीनं ते परसात पुरलं. मी आल्यावर म्हटलं होतं, मेलेलं कशाला मोजायचं.

शिंगं मी आणली नाहीत. ती दरसाल परत भरतात. घरी खुंटीला टांगून काय करणार? कौसाबाईनं दगड पहिल्या जागी नेऊन ठेवला होता, बांगड्याही. म्हणाली, "घटस्थापनेला भराया या. आमी चपला काढूनच असू." मी म्हटलं, येतो. धपाटे मात्र मला येत नाहीत.

वडवणी

रुमालात त्यातली चिमूटभर माती बांधून आणली. वडवणीला उतरल्यावर गल्लीतले लोक विचारत होते, "काय, झोकांड्या न्हाईत व्हय?" मी घरी गेलो नाही. पिशवी खांद्याला तशीच, चपलेला सुतळी तशीच, सरळ गिरजाकडं गेलो. मातीवर बारीक गवत उगवलं होतं. मी ते उपटलं नाही. रुमाल सोडून माती तिथं टाकली, हात फिरवून एक केली आणि बसलो.

बोलायचं लई ठरवलं होतं. एवढंच म्हटलं, "सात. मी दोनदा मोजले. सातच होते."